दशांशचिन्हावरची अंधश्रद्धा

आईच्या पाचव्या केमोच्या कागदावर औषधाचं नाव होतं पॅक्लिटॅक्सेल आणि त्यापुढे आकडा होता २७३.९ मिलिग्रॅम.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आकड्यात दशांशचिन्ह दिसलं की मला बरं वाटतं. कुणीतरी मन लावून हिशोब केलाय असं वाटतं. तो कागद घेऊन मी हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, दोनशे साठची एक व्हायल आणि तीसची एक घ्यावी लागेल." दोन्ही मिळून झाले २९०. मी विचारलं, वरच्या सोळा मिलिग्रॅमचं काय? "ते वाया जातं," तो म्हणाला आणि माझ्या मागच्या माणसाचा कागद घेतला.

त्या दिवशी आम्ही सकाळी आठला पोचलो होतो. वजन, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक, मेडिकलची रांग, मग डे-केअर वॉर्डातली रांग. औषध तयार करणाऱ्या सिस्टर एकच होत्या आणि त्यांच्या टेबलावर बावीस पेशंटांचे कागद होते. प्रत्येक कागदावर वेगळा आकडा. प्रत्येकासाठी वेगळा गुणाकार, वेगळी सिरिंज, वेगळं लेबल. आईचं सलाईन लागलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. औषध तीन तासांचं. लातूरची गाडी चुकली.

सोळा मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेलने आमचं घर बुडालं नाही. हे जुनं औषध आहे, जेनेरिक मिळतं. मला खटकला तो आकडाच. घरी येऊन मी तो आकडा उलगडायला बसलो आणि जे सापडलं त्यावरून माझं मत पक्कं झालं. केमोचा डोस प्रत्येक पेशंटसाठी दशांशापर्यंत मोजण्याची पद्धत शास्त्रासारखी दिसते, पण बहुतेक औषधांच्या बाबतीत ती अंधश्रद्धा आहे. ती सोडून ठरलेल्या मापांचे डोस वापरायला हवेत आणि ती मापं सगळ्या हॉस्पिटलांत एकच हवीत. इंग्लंडने हे करून दाखवलंय. आपल्याकडे ते न करण्याची जी कारणं सांगतात, त्यातली थोडी खरी आहेत आणि बाकीची सोयीची.

*

२७३.९ आला कुठून?

पॅक्लिटॅक्सेलचा एक नेहमीचा डोस आहे शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला १७५ मिलिग्रॅम. म्हणजे आधी पेशंटच्या अंगाचं क्षेत्रफळ काढायचं. ते कुणी फूटपट्टीने मोजत नाही. उंची आणि वजनावरून सूत्राने काढतात. आईची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. १९८७ साली मोस्टेलरने सुचवलेलं सोपं सूत्र आहे: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. उत्तर १.५६५ चौरस मीटर. त्याला १७५ ने गुणलं की २७३.९.

आता दुसरं सूत्र घ्या. हे जास्त जुनं आणि जास्त प्रसिद्ध आहे, डू बॉइस आडनावाच्या दोन संशोधकांनी १९१६ मध्ये मांडलेलं. त्याने आईचं क्षेत्रफळ येतं १.५४० आणि डोस येतो २६९.६. बाई तीच, वजनकाटा तोच, फक्त सूत्र बदललं आणि चार मिलिग्रॅम इकडचे तिकडे झाले. मग .९ चा काय अर्थ राहिला? आणि डू बॉइसचं हे सूत्र किती माणसांच्या मोजमापावरून बेतलं होतं? नऊ.

बरं, अंगाच्या क्षेत्रफळाचा कॅन्सरच्या औषधाशी संबंध काय? प्राण्यांवर आणि लहान मुलांवर तपासलेले डोस मोठ्या माणसांना कसे लावायचे, हा प्रश्न होता. १९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल या डॉक्टरांनी दाखवलं की क्षेत्रफळाच्या हिशोबाने पाहिलं तर उंदरापासून माणसापर्यंतचे डोस बऱ्यापैकी जुळतात. उंदराकडून माणसाकडे यायला हा पूल उपयोगी होता. पण पूल ओलांडून झाल्यावरही आपण तो डोक्यावर घेऊन फिरत राहिलो. पुण्यातली १५२ सेंटिमीटरची बाई आणि पुण्यातली १५८ सेंटिमीटरची बाई यांच्यातला फरक उंदीर आणि माणसाइतका नसतो.

२००२ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी आधीच्या दशकात मोठ्या माणसांवर तपासलेल्या ३३ कॅन्सरविरोधी औषधांची माहिती एकत्र करून पाहिली. क्षेत्रफळावरून डोस काढल्याने माणसामाणसांतला फरक खरोखर कमी होतो का, एवढाच प्रश्न. ३३ पैकी ५ औषधांत कमी होत होता. उरलेल्या २८ मध्ये क्षेत्रफळाच्या गणिताने तसा ठोस फायदा दिसला नाही.

कारण औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं ते यकृतावर, मूत्रपिंडावर, जनुकांवर, सोबत चालू असलेल्या दुसऱ्या गोळ्यांवर ठरतं. एकाच क्षेत्रफळाच्या दोन माणसांत हा वेग कित्येक पटींनी वेगळा असू शकतो. टक्क्यांनी नव्हे, पटींनी.

त्यात आईचं वजन केलं तेव्हा तिच्या अंगावर साडी, स्वेटर आणि पायात चपला होत्या. वजनात एका किलोची चूक झाली तर डोस अडीच मिलिग्रॅमने हलतो. अनेक इंजेक्शनांच्या बाबतीत व्हायलमधलं औषध लेबलवरच्या आकड्याच्या नव्वद ते एकशेदहा टक्क्यांच्या दरम्यान असलं तरी ते कायद्याने बरोबर धरलं जातं. सलाईन संपल्यावर नळीत काही मिलिलिटर औषध उरतं. नळी नीट धुऊन घेतली नाही तर ते कचऱ्यात जातं. इतक्या ढिल्या साखळीच्या टोकाला आपण .९ लिहितो.

आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात: आकड्यातले अंक जास्त असले म्हणून आकडा खरा होत नाही. स्क्रीनवर सोळा अंक छापता येतात म्हणून सेन्सर तेवढा अचूक नसतो. जिथे मोजमापच दहा टक्के इकडेतिकडे आहे तिथे चौथा अंक लिहिणारा माणूस काळजी घेत नसतो, स्वतःची आणि समोरच्याची फसवणूक करत असतो. फसवणूक मुद्दाम नसेल. अंधश्रद्धा कुठे मुद्दाम असते?

*

इंग्लंडने काय केलं?

'डोस बँडिंग' ही कल्पना प्लमरिज आणि सेवेल यांनी २००१ मध्ये एका अमेरिकन फार्मसी नियतकालिकात मांडली. पेशंटचा डोस नेहमीच्या सूत्रानेच काढायचा. मग एक तक्ता बघायचा. तक्त्यात त्या औषधाची मोजकी ठरलेली मापं असतात. काढलेला आकडा ज्या पट्ट्यात बसतो, त्या पट्ट्याचं माप द्यायचं. २०१६ पासून एनएचएस इंग्लंडने असे तक्ते राष्ट्रीय पातळीवर आणले आणि ते पाळणाऱ्या हॉस्पिटलांना पैशाचं प्रोत्साहन दिलं. नियम असा की सूत्राचा आकडा आणि दिलेलं माप यांत ६ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये.

सहा टक्के हा फरक टक्क्यांत असल्यामुळे मापं समान अंतरावर नसतात. छोट्या डोसांना जवळजवळ, मोठ्या डोसांना लांब लांब; प्रत्येक माप आधीच्याच्या काही टक्के पुढे. त्यामुळे मोजक्या मापांत जवळजवळ सगळी मोठी माणसं बसतात. कपड्यांच्या स्मॉल-मीडियम-लार्जपेक्षा हे खूप बारीक आहे. चपलांच्या नंबरांसारखं म्हणा. तुमचा पाय २४.३ सेंटिमीटर आहे म्हणून तुम्ही चांभाराकडे २४.३ ची चप्पल मागत नाही, आणि मिळालेल्या नंबराने पायही कापत नाही.

यातून काय बदलतं ते बघा.

माप ठरलेलं असलं की पिशव्या आधीच भरून ठेवता येतात. शुद्ध हवेच्या खोलीत, फार्मासिस्टच्या देखरेखीखाली, एकदम एका घाण्यात, तपासून. ज्या औषधांचं द्रावण बरेच दिवस टिकतं त्यांच्या पिशव्या शेल्फवर तयार असतात. पेशंट आला, रिपोर्ट बघितला, पिशवी लावली. आठ ते तीन ही वाट बघणं कमी होतं.

केमो ऐनवेळी रद्द होणं ही रोजची गोष्ट आहे. पांढऱ्या पेशी कमी आल्या, ताप आला, पेशंट आलाच नाही. २७३.९ ची पिशवी भरून झाली असेल तर ती जगात एकाच माणसाची असते. तो माणूस त्या दिवशी घेऊ शकत नसेल तर ती फेकायची. ठरलेल्या मापाची पिशवी पुढच्या माणसाला लागते.

आणि चूक. माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

बेट्सी लेमन ही 'बोस्टन ग्लोब' या वर्तमानपत्रात आरोग्यावर स्तंभ लिहिणारी पत्रकार होती. १९९४ मध्ये बोस्टनच्या नामवंत डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये तिच्यावर स्तनाच्या कॅन्सरसाठी उपचार चालू होते. सायक्लोफॉस्फामाइडचा चार दिवसांचा मिळून जो डोस होता, तो तिला चारही दिवस रोज दिला गेला. चौपट. ती त्या डिसेंबरमध्ये गेली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तो आकडा कित्येक हातांखालून गेला, पण कुणालाच तो वेडावाकडा वाटला नाही. का वाटेल? जिथे रोज प्रत्येक कागदावर नवा आकडा असतो तिथे कुठलाच आकडा विचित्र दिसत नाही.

लेमनच्या केसमध्ये फक्त बँडिंगने ती वाचली असती असा दावा मी करत नाही. तिचा उपचार प्रयोगाचा भाग होता आणि डोस मुळातच मोठा होता. पण तत्त्व साधं आहे. सॉफ्टवेअरमध्ये युजरला मोकळा रकाना दिला तर तो त्यात काहीही लिहू शकतो. यादीतून निवडायला लावलं तर चौपट आकडा यादीतच नसतो. आणि रोज त्याच आठ-दहा मापांच्या पिशव्या लावणाऱ्या सिस्टरला अकरावी पिशवी हातात आली की कळतं.

*

"पण प्रत्येक पेशंट वेगळा असतो हो."

हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलं, नातेवाइकांकडून ऐकलं आणि सगळ्यात जोरात स्वतःच्या मनातून ऐकलं. आई आहे ती. तिला रेडीमेड का द्यायचं?

तर एक उदाहरण. विनक्रिस्टिन हे औषध दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम देतात, पण मोठ्या माणसांत एकूण डोस बहुतेक वेळा २ मिलिग्रॅमवर थांबवतात, कारण त्यापुढे नसांना इजा होण्याची भीती असते. हिशोब केला तर १.४३ चौरस मीटरच्या वरच्या सगळ्यांना, म्हणजे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना, तोच २ मिलिग्रॅमचा डोस. वर्षानुवर्षं हे चाललंय. याला कुणी रेडीमेड म्हणून नाक मुरडत नाही.

याच औषधाची दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. विनक्रिस्टिन शिरेतून द्यायचं असतं. चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं तर बहुतेक वेळा माणूस मरतो. २००१ मध्ये नॉटिंगहॅममध्ये अठरा वर्षांचा मुलगा असाच गेला, आणि जगभर असे मृत्यू पुन्हा पुन्हा होत राहिले. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांना 'अधिक काळजी घ्या' सांगून भागलं नाही. उपाय होता औषध सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत भरणं. पिशवी मणक्याला कुणी लावत नाही. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितलं. माणसाच्या काळजीवर विसंबून राहण्यापेक्षा वस्तूचं रूप ठरवून टाकलं. सुरक्षितता अशीच येते.

आणि बँडिंग म्हणजे डॉक्टरचा हात बांधणं नव्हे. पेशंटचं यकृत बिघडलंय, पांढऱ्या पेशी घसरल्यात, बोटं बधिर झालीत, तर डॉक्टर डोस कमी करतोच. मग तक्त्यातलं खालचं माप लावतो. लहान मुलं, क्लिनिकल ट्रायल, मूत्रपिंडाच्या कामावरून ज्याचा डोस ठरतो ते कार्बोप्लॅटिन, जिथे रक्तातली पातळी मोजून पुढचं ठरवतात ते मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट, यांचा वेगळा विचार करावाच लागेल. तो करा. पण अपवाद मोजून दाखवले म्हणून नियम खोटा ठरत नाही.

*

आता खरे आक्षेप. दोन आहेत आणि दोन्ही मला रात्री जागवतात.

पहिला: एका ठिकाणी चूक झाली की सगळीकडे जाते. २०१३ मध्ये कॅनडात असं झालं. एका कंपनीने पाच हॉस्पिटलांना सायक्लोफॉस्फामाइड आणि जेमसायटाबिनच्या तयार पिशव्या पुरवल्या. सलाईनच्या पिशवीत लेबलवर लिहिल्यापेक्षा थोडं जास्त पाणी असतंच. ते हिशोबात धरलं नव्हतं. औषध पातळ झालं. १,२०२ पेशंटांना ठरल्यापेक्षा कमी डोस गेला. पीटरबरोच्या हॉस्पिटलमधल्या फार्मसीतल्या माणसांच्या लक्षात आलं म्हणून सापडलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांनी एकच लायब्ररी वापरली आणि लायब्ररीत बग निघाला. म्हणून कुणी लायब्ररी वापरणं सोडत नाही, लायब्ररी तपासतो. पण या घटनेची दुसरी बाजूही बघा. १,२०२ पेशंट सापडले, मोजता आले, त्यांना कळवता आलं, चौकशी झाली, कारण चूक एका जागी होती. बावीस कागदांच्या टेबलावर रोज होणाऱ्या चुका कुणाला सापडतात? तिथे आकडाच नाही. आपल्याकडे केमोच्या चुका होत नाहीत असं वाटत असेल, तर त्याचं कारण त्या लिहून ठेवल्या जात नाहीत हे आहे. म्हणून एका जागी औषध बनवणार असाल तर प्रत्येक घाण्यातला नमुना तपासा, पिशवीवर एकूण मिलिग्रॅम आणि एकूण मिलिलिटर दोन्ही लिहा, आणि चूक झाली तर जाहीर करा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: माप कोण ठरवणार?

पेम्ब्रोलिझुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध आधी दर किलोला २ मिलिग्रॅम असं देत होते. पुढे ते सगळ्यांना सरसकट २०० मिलिग्रॅम झालं. सोयीचं झालं, बरोबर. पण २०० हा आकडा १०० किलोच्या माणसाला बेतलेला आहे. ५० किलोच्या बाईला जुन्या हिशोबाने १०० पुरले असते; ती आता दुप्पट घेते आणि दुप्पट पैसे भरते. हेही प्रमाणीकरणच, फक्त कंपनीच्या बाजूने केलेलं. बँडिंगमध्ये माप माणसाच्या सहा टक्क्यांच्या आत राहतं. इथे माणसाचा आणि मापाचा संबंधच तोडला. या दोन गोष्टींत गल्लत करणाऱ्यांपासून सावध राहा, कारण उद्या आपल्याकडे 'स्टँडर्ड डोस' हा शब्द घेऊन सगळ्यात आधी औषध कंपनीचा माणूसच येईल.

व्हायलचंही तसंच. २०१६ मध्ये पीटर बाख आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशोब मांडला: अमेरिकेत फेकून दिलेल्या कॅन्सरच्या औषधांतून कंपन्या वर्षाला १.८ अब्ज डॉलर कमावतात. बोर्टेझोमिबची व्हायल तिथे फक्त ३.५ मिलिग्रॅमची मिळत होती, आणि सरासरी पेशंटला त्याहून बरंच कमी लागतं. ब्रिटनमध्ये त्याच औषधाची १ मिलिग्रॅमची व्हायलही मिळत होती. माप कोण ठरवतो यावर कचऱ्यात काय जाणार हे ठरतं, आणि त्या कचऱ्याचं बिल पेशंट भरतो.

*

म्हणून तक्ता आपला हवा. आपल्या माणसांच्या उंची-वजनावरून, आपल्या बाजारात मिळणाऱ्या व्हायलींवरून, सगळ्यांना फुकट बघता येईल असा.

हे काम करू शकेल अशी संस्था आपल्याकडे आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. देशातली तीनशेहून जास्त केंद्रं तिच्यात आहेत. या ग्रिडने ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा किमती २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत खाली आल्या. म्हणजे एकत्र येऊन एका कागदावर सह्या करणं आपल्याला जमतं. खरेदीचा कागद एक होऊ शकतो तर डोसचा का नाही?

आणि डोसकडे नव्या नजरेने बघायची हिंमतही इथेच आहे. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर एक चाचणी झाली. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमच्या आसपास. इथे एका गटाला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्यांसोबत. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षानंतर १६.३ टक्के पेशंट जिवंत होते; २० मिलिग्रॅम मिळालेल्यांत ४३.४ टक्के. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आईच्या कागदावरचा .९ आठवून ही गोष्ट वाचा. एका बाजूला आपण दशांश सांभाळतोय आणि दुसऱ्या बाजूला डोसचा एक दशांशही न देता माणसं जगतायत.

लहान गावातल्या हॉस्पिटलात शुद्ध हवेची खोली नाही, घाणे तपासायची प्रयोगशाळा नाही, मान्य. पण पहिल्या पायरीला यातलं काहीच लागत नाही. एक तक्ता लागतो आणि तो भिंतीवर लावायला चिकटपट्टी. अमेरिकेतल्या कॅन्सर फार्मासिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये डोस दहा टक्क्यांच्या आत व्हायलच्या मापाला जुळवून घ्यायला मान्यता दिली. आईचे २७३.९ मिलिग्रॅम असे जुळवले असते तर २६० ची एक व्हायल पुरली असती. फरक ५.१ टक्के. दुसरी व्हायल नाही, उरलेलं नाही, सिस्टरला सिरिंजने चौदा मिलिग्रॅम काढत बसणं नाही. ते औषध हाताळताना तिच्या श्वासात काय जातं हा आणखी वेगळा विषय.

मग हे का होत नाही? एक कारण पैशाचं आहे. हॉस्पिटलची मेडिकल दुकानं व्हायलवर कमावतात. छापील किंमत आणि खरेदीची किंमत यात एवढी दरी होती की २०१९ मध्ये सरकारला कॅन्सरच्या ४२ औषधांच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. अर्धी वापरलेली व्हायल पूर्ण किमतीला विकली जाते, तोवर ती वाचवण्याची घाई दुकानाला का असेल?

दुसरं कारण मला डॉक्टरांच्या खोलीत कळलं. सहाव्या केमोच्या वेळी मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, दोनशे साठ चालेल का?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "चालेल. पाच टक्क्यांनी काही होत नाही, मलाही माहितीये. पण उद्या काही झालं आणि कुणी विचारलं की सूत्राने दोनशे चौऱ्याहत्तर येत होतं, तुम्ही कमी का दिलं, तर मी काय दाखवू?" आणि त्यांनी २७४ लिहिलं. तेवढं दशांश गेलं.

त्यांना दोष देऊन उपयोग नाही. एकट्या माणसाने घेतलेला शहाणपणाचा निर्णय त्याच्या अंगावर येतो. सगळ्यांनी मिळून लिहिलेला नियम त्याला सांभाळतो. तक्ता नसल्यामुळे तो माणूस मोकळा नाही, उलट एका दशांशाच्या मागे लपायला मजबूर आहे. प्रमाणीकरण म्हणजे डॉक्टरचं स्वातंत्र्य काढून घेणं, असं म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत पाच मिनिटं बसावं.

माझ्या धंद्यातल्या मित्रांनाही एक सांगायचंय. केमोचा डोस प्रत्येकासाठी आणखी 'पर्सनलाइज' करणारं अ‍ॅप बनवायची कल्पना मला आतापर्यंत तिघांनी ऐकवली आहे. मॉडेल, डॅशबोर्ड, सगळं. कृपा करून थांबा. या वॉर्डात आणखी एक दशांश नकोय. इथे एक ड्रॉपडाउन हवाय, मोजक्या मापांचा. त्याने कुणाला गुंतवणूक मिळणार नाही, पण एखाद्या सिस्टरचा दुपारचा डबा वेळेवर उघडेल.

सातव्या केमोला डॉक्टरांनी आईला विचारलं, "काकू, पायाच्या बोटांना मुंग्या येतात का?" आई म्हणाली, रात्री येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बाहेर चाळीस माणसं थांबलेली होती. तिला आणखी काही सांगायचं होतं, ते राहिलं. डॉक्टरांनी डोस वीस टक्के कमी केला. तिच्यासाठी खास, फक्त तिच्याकडे बघून घेतलेला सगळ्या उपचारांतला हा एक निर्णय, आणि तो एका साध्या प्रश्नातून आला. असे प्रश्न विचारायला वेळ मिळावा म्हणून बाकीचं सगळं ठरलेलं हवं.

वीस टक्के हा अंदाज होता. पंधरा चाललं असतं, पंचवीसही चाललं असतं. मेडिकलच्या रांगेत उभं राहून मी कागद उघडला. आकडा होता २१९.१.